विषय: नेत्रपत्रक – तिसऱ्या परिच्छेदातली बायोप्सी

नमस्कार मंडळी,
पत्रक आज रात्री छपाईला जातंय. तिसऱ्या परिच्छेदात "डोळ्यामागे गाठ दिसल्यास प्रथम बायोप्सी करावी" असं आहे. यावर सकाळपासून दोन फोन आले, दोन्हींतली मतं उलटी. आता इथेच लिहा.
– मंजू

---

मंजूताई, ते वाक्य काढाच. ऑप्टिक नर्व्हच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, आवरणाचा मेनिंजिओमा (आवरणातूनच वाढणारी गाठ) असेल, तर नर्व्हला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्याच गाठीत अडकलेल्या असतात. बायोप्सीसाठी तुकडा काढताना त्या तुटल्या की उरलेली नजरही जाते. हे निदान बहुधा एमआरआयवरच होतं: कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर दोन्ही कडा उजळतात, मधली नर्व्ह काळसर राहते, रेल्वेच्या रुळांसारखी. सीटीत कॅल्शियम दिसलं तर खात्री वाढते. नजर घसरू लागली की रेडिएशन: एकूण ५० ते ५४ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), दर वेळी १.८ ग्रे, म्हणजे सुमारे ६ आठवडे.
– श्रीधर

---

श्रीधर, सरसकट काढू नका. लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका असेल तर बायोप्सीशिवाय उपचार सुरूच करता येत नाहीत. फक्त "प्रथम" काढा.

आणि "ऑप्टिक नर्व्हचा श्वानोमा" कुणी घातलं? मागच्या वर्षीही हेच दुरुस्त केलं होतं. श्वानोमा श्वान पेशींचा होतो, आणि ऑप्टिक नर्व्हमध्ये त्या नसतातच; तिथलं मायलिन (नसेचं वेष्टण) ऑलिगोडेंड्रोसाइट या दुसऱ्या पेशी बनवतात. डोळ्याच्या खोबणीतला श्वानोमा बहुतेकदा चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचव्या नर्व्हच्या, कपाळाकडे जाणाऱ्या फांदीवर होतो. म्हणून डोळा हळूहळू, न दुखता पुढे येतो आणि कधी कधी कपाळ बधिर होतं. तो शक्यतो अखंड काढतात. फार खोल असेल तर आधी आतून पोकळ करून मग कवच सोडवतात.
– कुंदा

---

"खोबण" नको, "नेत्रकोटर" लिहा. शब्दांचं काम भाषा समितीकडे आहे.
– अविनाश

---

अविनाशदादा, आजी-आजोबांना "खोबण" कळते. तेच राहू दे.

मुद्दा वेगळाच सुटतोय. लोक "मेंदूचा एमआरआय" करून येतात. त्यात काप ५ मिमीचे, छोटी गाठ सुटते. "ऑर्बिटचा (म्हणजे खोबणीचा) एमआरआय" असंच लिहून घ्या: ३ मिमी किंवा त्याहून पातळ काप, आडवे आणि समोरून दिसणारे दोन्ही, कॉन्ट्रास्टनंतर फॅट सप्रेशन (चरबीची चमक दाबणं). खोबणीतली चरबी मुळात पांढरी दिसते, ती दाबली नाही तर उजळलेली गाठ तिच्यातच हरवते. श्वानोमा आणि कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) सारखेच वाटतात, म्हणून डायनॅमिक कॉन्ट्रास्टही (कॉन्ट्रास्ट भरताना लागोपाठ घेतलेल्या प्रतिमा) मागा: हिमॅन्जिओमा एका ठिपक्यापासून सावकाश भरत जातो, श्वानोमा सुरुवातीलाच रुंद भागात उजळतो.

काजळ, मस्कारा पुसूनच जा. त्यातल्या लोहाच्या कणांनी नेमकी डोळ्यावरच प्रतिमा विस्कटते. किडनीचा त्रास असेल तर कॉन्ट्रास्टआधी सांगा. दुसऱ्या मतासाठी फिल्मचे फोटो पाठवू नका, डायकॉमची (मूळ डिजिटल प्रतिमांची) सीडी पाठवा.
– स्मिता

---

स्मिताचं सगळं घ्या. लहान मुलांची एक ओळ हवीच: ऑप्टिक नर्व्हचा ग्लायोमा (नर्व्हच्या आधारपेशींची गाठ) आणि अंगावर कॉफीरंगाचे डाग असतील तर एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार) तपासा. अशा मुलांत रेडिएशन शक्यतो टाळतात, पुढे दुसरी गाठ होण्याचा धोका असतो. नजर टिकून असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, घसरली तर केमो.
– कुंदा

---

मान्य. नवा मजकूर: "आधी ऑर्बिटचा एमआरआय, बायोप्सी करायची की नाही, ते तो पाहून नेत्रतज्ज्ञ ठरवतील." श्वानोमाची ओळ दुरुस्त केली. खोबण ठेवली. मुलांची ओळ चौथ्या परिच्छेदात. ९ वाजता फाइल पाठवते.
– मंजू