फादर निवृत्त होतात म्हणजे नक्की काय?
पंच्याहत्तरी झाली की फादर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, रिटायर, असं काही जण म्हणतात. ते अर्धंच खरं. चर्चच्या कायद्यानुसार ७५ पूर्ण झाल्यावर गावच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनी राजीनामा द्यावा, अशी विनंती असते. तो घ्यायचा की लांबवायचा, हे बिशप, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या चर्चचे प्रमुख, ठरवतात. बिशपांचा राजीनामा जातो पोपकडे. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस डिसेंबर २०१९ मध्ये ७५ चे झाले, राजीनामा मंजूर झाला जानेवारी २०२५ मध्ये! तोवर ऐंशीही उलटली. पोप कार्डिनल निवडतात, पण ऐंशी उलटलेल्यांना मत नसतं, म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात पोप निवडताना त्यांना मत नव्हतं.

आणि सुटतो तो फक्त कारभार. बांधकाम, हिशेब, लग्नाच्या नोंदी दुसऱ्याकडे जातात. धर्मगुरूपण मरेपर्यंत राहतं. आमच्या वसईकडच्या गावातले एक निवृत्त फादर गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायचे. पण नाताळच्या आधी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांना आपली पापं सांगायला, सगळ्यात मोठी रांग त्यांच्याकडेच. कारण साधं होतं, त्यांना ऐकू कमी यायचं. चाव्यांचा जुडगा दिल्यावर महिनाभर त्यांचा हात मात्र झग्याच्या खिशाकडे जात असे.