चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला 'नाही' कसं म्हणायचं? (कोल्हापूर)

नमस्कार. शाहूपुरीत आमचं छोटं मेडिकल आहे. दुकान पप्पांचं, गेल्या दिवाळीपासून काउंटरला मी बसते. डी. फार्म झालंय, रजिस्ट्रेशन आहे.

दिवसाला पाच-सहा जण तरी येतात. "ताई, घसा धरलाय, अझिथ्रो पाचशेच्या तीन द्या." चिठ्ठी विचारली की आधी हसतात, मग म्हणतात, "तुमच्या पप्पांनी कधी विचारली न्हाई." ते खरंच आहे, त्यामुळे माझं तोंड बंद होतं.

परवा एक सेंट्रिंगवाले आले. लेकीला ताप. हातात दोन महिन्यांपूर्वीची चिठ्ठी, त्यावर सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं सिरप. "वजन तेवढंच हाय पोरीचं, द्या की." म्हटलं, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा, केसपेपर काढा. "सीपीआरला गेलो की दिवसाचा खाडा. हजेरी कोण देणार, तुम्ही?" मला काही सुचलं नाही. पाच मिनिटांत तेच सिरप पुढच्या कुठल्यातरी दुकानातून घेऊन ते आमच्यासमोरूनच परत गेले. मुद्दाम नसावं, रस्ताच तो आहे.

नियम मला पाठ आहेत. सेफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या जास्त कडक यादीत आहे. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं; आणि ते तीन वर्षं जपायचं. अझिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन साध्या शेड्यूल एच यादीत. चिठ्ठी त्यांनाही लागते, पण हे रजिस्टर नाही, म्हणून तिथं सगळेच सैल. पट्टीवरची 'चिठ्ठीशिवाय नको' सांगणारी लाल रेघ एका आजींना दाखवली, तर म्हणाल्या, "कंपनीची डिझाईन असंल." 

तर विचारायचंय हे: गिऱ्हाईक न दुखावता नेमकं काय बोलता? जुन्या चिठ्ठीचं काय करता? आणि पप्पांना कसं समजवायचं?

प्रतिसाद १ (जुना काउंटरवाला)
ताई, जुन्या चिठ्ठीचं उत्तर नियमातच आहे. डॉक्टरनं 'पुन्हा द्यावे' असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच. आणि औषध दिलं की त्याच चिठ्ठीवर, डॉक्टरच्या सहीच्या वर, दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. हे फारसं कुणी करत नाही. रबरी शिक्का करून घ्या. पुढच्या वेळी तीच चिठ्ठी आली की शिक्क्यावर बोट ठेवायचं. माणूस तुमच्याशी भांडतो, शिक्क्याशी नाही.

प्रतिसाद २ (गंगावेशकर)
मी गिऱ्हाईकाच्या बाजूनं सांगतो. आम्हाला 'नाही'चा राग येत नाही, रिकाम्या हातानं परत पाठवल्याचा येतो. आधी विचारा, किती दिवस झाले, धाप लागते का, पोर खातंय-पितंय का. साधी सर्दी, घसा असेल तर सांगा की हा बहुतेक वेळा विषाणूचा असतो, त्याला ही गोळी लागूच पडत नाही, पैसे वाया जातील. 'पैसे वाया' हे लगेच कळतं, 'रेझिस्टन्स', म्हणजे जंतूंवर पुढं औषध चालेनासं होणं, कुणाला कळत नाही. पॅरासिटामॉल द्या, मिठाच्या गुळण्या सांगा, दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर. धाप असेल, पोर मलूल असेल तर थांबूच नका, दवाखान्यात पाठवा. आणि संध्याकाळी उशिरापर्यंत बसणारे, कमी फी घेणारे जवळचे डॉक्टर कोण, हे कागदावर लिहून काउंटरला चिकटवा. खाडा वाचला की माणूस जातो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. शिक्का करायला टाकलाय. डॉक्टरांच्या वेळा आजच फिरून विचारून आले, दोघे रात्री साडेनऊपर्यंत असतात, मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

पप्पांचं मात्र कुणी सांगितलं नाही. आज दुपारी मी जेवायला वर गेले, तेवढ्यात अझिथ्रोच्या दोन पट्ट्या गेल्या. विचारलं तर म्हणाले, "आपलाच माणूस हाय." कुणाच्या घरी असं आहे का?