चण्याचं पाणी म्हणजे अंडं नव्हे

शेगडी :
गेल्या रविवारी एका वाढदिवसाला अ‍ॅक्वाफाबा घालून केलेला स्पंज केक खाल्ला. वरून छान फुगलेला, सुरी घातली तर मध्ये चिकट गोळा. यजमानीणबाई मात्र प्रत्येकाला अडवून सांगत होत्या, "अंडं नाही, दूध नाही, निव्वळ छोल्यांचं पाणी!" तिथे तोंड उघडता येईना, म्हणून इथे उघडते.

ज्यांच्या कानावर हे नाव आलं नसेल त्यांच्यासाठी : काबुली चणे शिजवल्यावर जे दाटसर पाणी उरतं ते हे. २०१४च्या डिसेंबरात जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकाला आढळलं की ते फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. पुढच्या मार्चमध्ये गूस वोल्ट या अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनियरनं नुसतं हे पाणी आणि साखर यांवर मेरँग (फेस मंद आचेवर वाळवून केलेली कुरकुरीत गोड मिठाई) जमवलं आणि लॅटिनमधून नाव ठेवलं. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी, फाबा म्हणजे शेंगेतला दाणा. तेव्हापासून 'तीन टेबलस्पून म्हणजे एक अख्खं अंडं, दोन म्हणजे एकाचं पांढरं' हे कोष्टक सगळीकडे फिरतंय.

माझं म्हणणं असं की केकसाठी आपल्याला याची गरज कधी नव्हतीच. दही-सोडा, दूध-व्हिनेगर किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून बिनअंड्याचा केक आपल्याकडे कुकरमध्ये वाळू तापवून भाजला गेलाय, ओव्हन घरात यायच्या कितीतरी आधी. आणि 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून जे कौतुक चाललंय ते डबाबंद चणे खाणाऱ्या देशांना शोभतं. आपल्याकडे हे पाणी टाकतं कोण? छोल्यांचं रश्श्यात जातं, पुरणाच्या डाळीचा कट आमटीत जातो. मग अंड्याला पर्याय म्हणून याला डोक्यावर का घ्यायचं?

अर्धी वाटी :
शेगडीताई, दही-दूध सांगून मोकळ्या झालात. माझ्या मुलाला अंड्याची आणि दुधाची, दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. त्याच्या वर्गात कुणाचा वाढदिवस असला की मी त्याच्या डब्यात चिक्की देते. सहा वर्षांचा होईपर्यंत त्यानं मूस हा मऊ, फेसाळ गोडाचा प्रकार फक्त दुसऱ्यांच्या वाटीत पाहिला होता. दूध नसलेलं डार्क चॉकलेट वितळवून, कोमट झाल्यावर त्यात चण्याच्या पाण्याचा फेस हलक्या हातानं मिसळला आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवला. त्यानं वाटी चाटूनपुसून दिली. तुमच्या आयांच्या वाळूच्या कुकरमध्ये हे होणार होतं का?

(ज्यांच्या घरी अ‍ॅलर्जी आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा की चणे हेही कडधान्य आहे. काहींना त्याचीही अ‍ॅलर्जी असते. आमच्याकडे डॉक्टरांना विचारून सुरू केलं.)

भट्टीकर :
डोंबिवलीत घरून केकच्या ऑर्डरी घेतो. दोघींचंही बरोबर आहे, कारण दोघी वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलताय.

तो चिकट गोळा का झाला ते सांगतो. स्पंजमध्ये अंडं दोन कामं करतं. फेटताना हवा धरून ठेवतं आणि भट्टीत गेल्यावर स्वतः घट्ट होऊन भिंती उभ्या करतं. पांढरं साधारण साठ अंशांच्या पुढे आळायला लागतं आणि एकदा आळलं की पुन्हा पातळ होत नाही. चण्याचं पाणी पहिलं काम छान करतं, दुसरं जवळपास करतच नाही. पांढऱ्यात १०-११ टक्के प्रथिनं असतात, या पाण्यात जेमतेम एक-दीड टक्का. म्हणजे मांडव घातला पण खांब पुरले नाहीत. केक भट्टीत चढतो आणि बाहेर आला की बसतो. ज्या केकमध्ये सगळी भिस्त अंड्यांच्या फेसावर असते, तो याच्यावर करायला जाऊच नये. साधा, मैद्याचा, तेलाचा, बेकिंग पावडरचा केक असेल तर चालतं. पण तिथे दहीही चालतं, म्हणून शेगडीताईंचं म्हणणं खरं.

मूस, मेरँग, मॅकरॉन, मेयोनीज इथे मात्र दही काय कामाचं? तिथे नुसता फेस किंवा तेल-पाण्याची मोट बांधणं एवढंच काम असतं. मेरँगमध्ये फेसाला उभं धरते ती साखर, आणि मंद आचेवर ती वाळते. ९०-१०० अंशांवर दीड-दोन तास.

खवट :
इतका फेस येतो म्हणजे त्यात साबणासारखं काहीतरी असणार. रिठ्याच्या पाण्यालाही फेस येतो, म्हणून आपण ते चमच्यानं खात नाही, केस धुतो!

रसायनी :
खवटराव, चेष्टेत बोललात पण बाण बरोबर लागला. रिठा, शिकेकाई आणि चणे या तिन्हींत सॅपोनिन असतात, आणि नावही लॅटिनमधल्या साबणावरूनच पडलंय. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून ते हवेच्या बुडबुड्याभोवती कडं करून बसतात. फरक प्रमाणाचा आहे. चण्यात ते थोडे असतात आणि छोले खाताना आपण ते खातोच. डाळीला उकळी फुटली की वर पांढरा फेस येतो आणि आई पळीनं काढून टाकायला सांगते, त्या फेसातही यांचा हात असतो. एकट्या सॅपोनिनवर मात्र हे जमत नाही. चण्यातून पाण्यात उतरलेली थोडी प्रथिनं आणि पिठूळ भाग त्या बुडबुड्यांना दाटपणा देतात, म्हणून फेस लगेच फुटत नाही.

आणि साबणाच्या झाडाचा फेस खाण्याची कल्पना नवीन नाही. सीरिया-लेबनॉनकडे नातेफ नावाची पांढरी मलई असते. तिकडच्या सोपवर्ट या झाडाचं मूळ उकळून, त्या पाण्याचा फेस काढून, त्यात साखरेचा पाक घालून फेटतात आणि पिस्ते भरलेल्या बिस्किटांवर वाढतात. अंडं नाही, दूध नाही. त्यांनी यासाठी २०१४ची वाट पाहिली नाही.

खवट :
बरं. पण तुमच्या या मेरँगला चण्यांचा वास येतो. येतोच. मी खाल्लंय.

न्यू जर्सीची मावशी :
कच्च्या फेसाला येतो, नीट वाळवलेल्या मेरँगला जवळपास येत नाही. इथे आम्ही डबा फोडतो, चाळणीवर ओततो, की खालच्या भांड्यात पाणी तयार. मीठ न घातलेला डबा घ्यायचा एवढंच पथ्य.

पुण्याला आले होते तेव्हा वहिनीच्या कुकरमधलं पाणी घेऊन बसले आणि फजिती झाली. वीस मिनिटं बीटर फिरवला, हाती ताकावरच्या फेसाइतकं आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. डब्यातले चणे आपल्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरतात, आपण शिट्ट्या काढतो आणि लगेच गाळतो. शिवाय वहिनीनं छोल्यांना रंग यावा म्हणून चहाची पुरचुंडी टाकली होती. म्हणजे फेस आला असता तरी बदामी रंगाचा आला असता!

नंतर घरी जमलं ते असं. चणे रात्रभर भिजवायचे आणि भिजवणीचं पाणी ओतून द्यायचं, ते वापरायचं नाही. ताज्या पाण्यात, चणे बुडून बोटाचं एक पेर वर राहील इतपतच, शिजवायचे. मीठ, हळद, सोडा, चहा काही नाही. शिजले की लगेच गाळायचे नाहीत, आपल्याच पाण्यात गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी पाणी बोटाला चिकटलं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली, तर झालं. नाहीतर मंद गॅसवर आटवा. फेटताना चार थेंब लिंबू. इलेक्ट्रिक बीटरला आठ-दहा मिनिटं लागतात. रवीनं करायला जाल तर खांदा उतरेल. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते.

शेगडी :
मावशी, तुम्हीच माझ्या बाजूनं साक्ष दिलीत. रात्रभर भिजवा, शिजवा, रात्रभर मुरवा, आटवा, मग दहा मिनिटं वीज जाळा. याला फुकटचं पाणी म्हणायचं?

अर्धी वाटी :
चणे तसेही खाणारच असतो ना ताई. छोल्यांचा बेत ठरला की पाणी बाजूला निघतं. मुद्दाम कोण शिजवतंय?

शेगडी :
आणि मग छोल्यांच्या रश्श्याला अंग कशाचं येतं? तेच तर विचारतेय.

मडगांवकार :
आमच्याकडे नाताळात चण्याच्या डाळीचं दोस करतात. डाळ शिजवून, वाटून, खोबरं आणि साखर घालून आटवायची आणि वड्या पाडायच्या. परवा मुलीनं त्या डाळीचं पाणी मागितलं तेव्हा मला वेड लागल्यासारखं बघितलं घरच्यांनी. :)

पण माझा मुद्दा दुसरा. गोव्यात कुणी मला म्हणालं की या पाण्याची बेबिंका होते, तर मी हात जोडीन. बेबिंकात नारळाचं घट्ट दूध, साखर, तूप, थोडा मैदा आणि भरपूर बलक. एकेक थर वरून आच देऊन भाजायचा. सगळी चव आणि तो रंग बलकाचा. चण्याचं पाणी नक्कल करतं ती पांढऱ्याची. बलकातली चरबी, त्याचा दाटपणा ते कुठून आणणार? कस्टर्डचंही तेच. तुमच्या त्या कोष्टकातला 'अख्खं अंडं' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. ताटातल्या बेबिंकाचा रंग बघा आणि मग बोला.

कांजूरमार्ग स्लो :
मेरँगवाल्यांना एक प्रश्न. जुलैत मुंबईत करून बघितलंय का कुणी? मी केलं. ओव्हनमधून काढलं तेव्हा कुरकुरीत, नवऱ्याला हाक मारेपर्यंत चिकट, तो येईपर्यंत साखरेची गळती. अंड्याचंही पावसाळ्यात रडतंच, पण याची तऱ्हा त्याहून वाईट. ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या आणि थेट घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, तर एखादा दिवस टिकतं.

भट्टीकर :
पावसाळ्यात मी मेरँगची ऑर्डरच घेत नाही. पोटाचा प्रश्न आहे.

तिखटजाळ :
सगळे गोडातच अडकलात. मेयोनीजकडे कुणी नीट बघत नाही. २०२४च्या ऑक्टोबरअखेर तेलंगणानं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभर बंदी घातली, २०२५च्या एप्रिलमध्ये तामिळनाडूनंही तेच केलं. कारण कच्चं अंडं, आपलं हवामान आणि गाडीवर दिवसभर उघडं पडलेलं भांडं. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूला आणखी काय हवं?

माझा सँडविचचा छोटा धंदा आहे, तर मी घरी हे करून बघितलं. मिक्सरच्या उंच भांड्यात तीन चमचे चण्याचं आटवलेलं पाणी, मोहरीची पेस्ट, लिंबू, मीठ. हँड ब्लेंडर चालू ठेवून वरून पाऊण वाटी तेल, अगदी बारीक धारेनं. दोन मिनिटांत पांढरं घट्ट मेयो. वास आला नाही, कारण मोहरी आणि लसूण सगळ्यांचे बाप आहेत. इथे मला वाटतं हे पाणी अंड्यापेक्षा सरस ठरतं, नुसता पर्याय नाही. तरी फ्रिजमध्येच ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. तेही शिजवलेल्या कडधान्याचं पाणी आहे, अमृत नाही.

खवट :
हे पटलं. पहिल्यांदाच काहीतरी पटलं. (पण चणे न लागणारं मेयो दुधाचंही होतं, हे नोंदवून ठेवतो.)

अंडाकरी :
तुम्ही सगळे 'पर्याय, पर्याय' म्हणताय त्यानं माझं डोकं फिरतं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. तीन चमचे पाण्यात नावापुरती. महाराष्ट्र सरकारनं २०२३च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणलं आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा खर्च द्यायचं थांबवलं. तेव्हाही 'कडधान्यं आहेतच की' म्हणणारे भेटले. उद्या कुणीतरी हे कोष्टक घेऊन येईल की तीन चमचे चण्याचं पाणी म्हणजे एक अंडं!

शेगडी :
अंडाकरी, तुमचा राग समजतो आणि आकडा बरोबर आहे. पण पोषण आहाराचा विषय इथे नको, तो मोठा आहे. एवढं मान्य की हा पर्याय भांड्यातला आहे, ताटातला नाही. प्रथिनं हवीत तर पाणी सोडा आणि चणे खा.

अर्धी वाटी :
मूसमधून प्रथिनं मिळवायला कुणीच बसलेलं नाही हो. माझ्या लेकाला वर्गातल्या सगळ्यांसारखी वाटी हवी होती, एवढंच.

रसायनी :
शेगडीताई, तुमच्या पहिल्या मुद्द्याला कुणी हात घातला नाही. कट! तोही चण्याच्याच डाळीचा. तुमच्याकडे होळीला पुरण होणारच. एक डावभर फेटून बघा की.

शेगडी :
(होळीनंतर)

बघितलं. पहिला प्रयोग पूर्ण फसला. डाळ शिजताना उतू जाऊ नये म्हणून थेंबभर तेल टाकायची सवय हाताला. तेल असलं की फेस उभाच राहत नाही, हे नंतर लक्षात आलं. शिवाय चिमूटभर हळद. भांड्यात पिवळं, तेलकट, गरगरणारं पाणी.

धुळवडीला सकाळी मुद्दाम वाटीभर डाळ बिनतेलाची, बिनहळदीची लावली. कट दोनदा गाळला, कारण डाळीचं पीठ तळाशी बसतं. अर्धा होईपर्यंत आटवला, गार केला. लिंबाचे थेंब टाकून बीटर लावला. अकराव्या मिनिटाला फेस आला. काबुली चण्याइतका पांढरा नाही, साईच्या रंगाचा. भांडं उलटं केलं तर पडला नाही. पिठीसाखर घालून चमच्यानं गोळे टाकले आणि शंभर अंशांवर दोन तास ठेवले. वरून कुरकुरीत, आत थोडे चामट, आणि पुरणाचा वास. जायफळ घातलं असतं तर बरं झालं असतं. खवटरावांसाठी सांगते, वास येतोच.

स्पंज केकबद्दलचं मत बदललेलं नाही. मूस आणि मेयोबद्दलचं मागे घेते. अर्धी वाटी, तुमच्या मुलासाठी त्या मूसचं नेमकं माप टाकाल का? भावाच्या सोसायटीत अशीच एक मुलगी आहे.

आणि मावशी, पहिल्या प्रयोगासाठी होळीच्या दिवशीचा दोन डाव कट मी गुपचूप काढून घेतला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी सासऱ्यांनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि विचारलं, "आज कटात पाणी कुणी ओतलं?"

अर्धी वाटी :
चॉकलेट दीडशे ग्रॅम, आटवलेलं पाणी अर्धी वाटी, पिठीसाखर दोन चमचे, चिमूट मीठ. चॉकलेट गरम असताना फेसात ओतू नका, फेस बसतो. आणि कट नका घेऊ ताई, छोल्यांचंच घ्या.