रस्त्यात पडलेला माणूस आणि कायदा : आपले अनुभव लिहावेत

बालाघाटचा मास्तर

गेल्या आठवड्यात केजहून अंबाजोगाईकडे येताना उसाची ट्रॉली उलटलेली दिसली. माणसे थांबली होती, कोणीतरी जखमीच्या डोक्याखाली पोत्याची घडी ठेवली होती आणि १०८ ला फोन झाला आहे, असे एक मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. माझी गरज नव्हती. तेव्हापासून मात्र जानेवारी २०११ मधली एक रात्र डोक्यातून जात नाही, म्हणून लिहीत आहे.

याच रस्त्याने मी, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी मोटारसायकलवर लग्नाहून परतत होतो. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. वळणावर दिव्याच्या उजेडात कडेला एक माणूस आडवा पडलेला दिसला. शेजारी त्याची मोपेड पडली होती आणि तिचे मागचे चाक अजून हळूहळू फिरत होते. त्याने हात उचलला, की तो हात आपोआप हलला, हे मला आजही सांगता येत नाही. पत्नी म्हणाली, "थांबा." मी म्हणालो, "लेकरू सोबत आहे, उद्या आपल्याच गळ्यात येईल," आणि गाडी पुढे काढली. घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

माझी भीती हवेतली नव्हती. माझ्या मामांनी एका जखमीला दवाखान्यात नेले होते आणि त्यापायी त्यांना दोन दिवस जबाबासाठी बसवून ठेवले होते. आता परिस्थिती बदलली आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि सप्टेंबर २०२० च्या नियमांनुसार अशा माणसावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. परंतु हे सगळे थांबणाऱ्यासाठी झाले. न थांबता निघून गेलेल्या माझ्यासारख्याला कायदा आजही काहीच विचारत नाही. त्याने विचारावे का? मला वाटते विचारावे, निदान एक फोनही का केला नाहीस, एवढे तरी.

कोयत्याची लेक

माझे वडील ट्रॉलीखाली आले तेव्हा मी नववीत होते आणि आई-वडिलांसोबत तोडीवर गेले होते. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पळून गेला. दोन चारचाकी गाड्या थांबल्या, काचा खाली झाल्या, मोबाइल बाहेर आले आणि थोड्या वेळाने काचा पुन्हा वर गेल्या. आईने अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडून वडिलांच्या मांडीला आवळून बांधला, टोळीतल्या माणसांनी त्यांना टायरगाडीत घातले आणि बैल जेवढे पळतील तेवढे पळवत दवाखाना गाठला. वडील वाचले, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. "तासभर आधी आणायचं होतं," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा आई त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली.

त्या चारचाकीवाल्यांना शिक्षा व्हायला हवी होती, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. मी आता लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बैलगाडीतून तास लागतो तिथे चारचाकीला किती मिनिटे लागली असती, याचा हिशोब मी कितीतरी वेळा केला आहे.

सर, त्या मोपेडवाल्या माणसाचे पुढे काय झाले, याची तुम्ही चौकशी केली होती का? टोचण्यासाठी विचारत नाही, मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

काळा कोट, धाराशिव

ताई, आपले वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. तरीही मत वेगळे आहे, ते मांडतो.

दंड संहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने तयार केला. त्याच्या टिपणांत नदीच्या उताराचे उदाहरण आहे. पूर आला आहे, वाटसरू नदीत उतरायला निघाला आहे, काठावरच्या माणसाला धोका दिसतो आहे आणि तो जाणूनबुजून गप्प राहतो. वाटसरूंना सावध करण्यासाठी सरकारने त्याला तिथे नेमले असेल किंवा वाटाड्या म्हणून त्याने पैसे घेतले असतील, तर तो खून. परंतु माणुसकीपलीकडे दोघांत काहीच नाते नसेल, तर तो खून नव्हे. १८६० च्या संहितेत हीच रेषा राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती पुसलेली नाही. ज्याच्यावर कायद्याने कर्तव्य टाकले आहे, त्याचेच न करणे गुन्हा ठरते. अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकावर ते कर्तव्य मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने टाकले आहे आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने.

ये-जा करणाऱ्या प्रत्येकावर ते टाकावे का? माझी अडचण पुराव्याची आहे. अंधारात निघून गेलेला कोण होता, हे कोणालाच माहीत नसते. मास्तरांनी स्वतः लिहिले नसते तर आपल्यालाही कळले नसते. पोलिसांना सापडतो तो जागेवर उभा असलेला माणूस. म्हणजे न थांबणाऱ्यासाठी केलेला कायदा शेवटी थांबलेल्यालाच विचारणार, की तू आणखी लवकर, आणखी चांगले का केले नाहीस. माझ्या एका पक्षकाराने २००७ मध्ये जखमीला रिक्षात घालून नेले होते. तो शाळेत शिपाई होता. पुढे साक्षीदार म्हणून नऊ तारखांना रजा टाकून हजर राहिला आणि आठ वेळा त्याची साक्ष झालीच नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण अशाच माणसांनी टिकवली आहे. २०२० च्या नियमांत साक्ष द्यायला तयार असणाऱ्याची चौकशी त्याच्या सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातील पोलिसाने करावी, असे आहे. ते प्रत्येक ठाण्यात पाळले जाऊ द्या, सक्तीचे मग बोलू.

हिंगोलीचा दुकानदार

वकीलसाहेब, जखमीला सोडून आल्याचा काही कागद मिळतो का? दुकान हमरस्त्यावर असल्याने वर्षातून दोन-तीनदा तरी प्रसंग येतो आणि घरचे दर वेळी काळजी करतात.

काळा कोट, धाराशिव

मिळतो. कोणाला, कधी आणि कुठून आणले याची पोच रुग्णालयाकडे मागता येते आणि मागितल्यावर त्यांनी ती द्यावी, असे मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. बिल भरल्याशिवाय जाऊ देणार नाही, असे आपल्याला कोणी म्हणू शकत नाही.

रात्रपाळीची सिस्टर

अपघात विभागात अठरा वर्षे झाली. पूर्वी माणसे जखमीला फाटकाशी टेकवून निघून जात. आता आतपर्यंत आणतात, पण थांबत नाहीत.

मागच्या वर्षी एक भाजीवाले मामा छोट्या हत्तीतून एका पोराला घेऊन आले. मेथीच्या जुड्यांवर पोराला निजवले होते आणि जुड्या रक्ताने भिजल्या होत्या. पोराला आत घेतले आणि बाहेर आले तर मामा नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होते. म्हणाले, "बाई, माझं नाव कुठं लिहू नका." मी भिंतीवरचा फलक दाखवला आणि नाव सांगायची सक्ती नसल्याचे समजावले. सरकार बक्षीसही देते, २०२१ मध्ये ५,००० रुपये होते, ते २०२५ मध्ये २५,००० झाले, हेही सांगितले. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पैशाला पंचनामा लागत असंल ना बाई?" मग गाडीतली मेथी खाली उतरवून कचऱ्यात टाकली आणि गेले. त्या दिवसाची त्यांची सगळी कमाई तीच होती.

सक्तीबद्दल एक सांगते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलेले, मान मोडलेल्याला दोघांनी हात-पाय धरून उचललेले, झटका आलेल्याला कांदा आणि चप्पल हुंगवलेले असे रुग्ण मी दर महिन्याला पाहते. ही सगळी मदतच असते आणि जीव तोडून केलेली असते. माणसांना आधी शिकवल्याशिवाय सक्ती करू नये, असे मला वाटते. कोयत्याच्या लेकी, तुझ्या आईने पदर आवळून बांधला ते अगदी योग्य केले होते, हे तिला माझ्याकडून सांग.

कोयत्याची लेक

सांगते सिस्टर. तिला आजपर्यंत हे कोणी सांगितले नव्हते.

बारा टायर, जालना

मी ट्रक चालवतो. रस्त्यात माणूस आडवा पाडून गाडी थांबवायची आणि लुटायचे, हे माझ्या सोबत्यावर घाटात प्रत्यक्ष घडले आहे. दुसरी भीती जमावाची. अपघात दुसऱ्याने केलेला असतो, थांबतो आपण आणि गर्दीला समोर ट्रक दिसतो. मी तीन वेळा जखमी उचलले आहेत. एकदा आधी मार खाल्ला आणि मग उचलले. मला तुरुंगाची भीती दाखवून थांबवणार असाल, तर जमावापासून कोण वाचवणार, तेही त्याच कायद्यात लिहा.

काळा कोट, धाराशिव

दादा, अपघातातल्या वाहनाच्या चालकाला ती सवलत आहे. जमावाच्या क्षोभामुळे शक्य नसेल तर, असा अपवाद कलम १३४ मध्येच आहे. आपण केवळ वाटेने जाणारे, म्हणून आपल्यासाठी ना सक्ती आहे, ना अपवाद.

लेकाची आई, नांदेड

मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिथे वाहन परवान्याआधी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यावेच लागते आणि गाडीत प्रथमोपचार पेटी ठेवणे सक्तीचे असते. तिथल्या दंड संहितेच्या कलम ३२३-क नुसार गरज असताना मदत न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, पण स्वतःच्या जिवाला मोठा धोका असेल तर नाही. ट्रकवाल्या दादांचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. एसेन शहरात २०१६ मध्ये ८३ वर्षांचे आजोबा बँकेत पैसे काढण्याच्या यंत्राजवळ कोसळले आणि ग्राहक त्यांना ओलांडून पैसे काढत राहिले. कॅमेऱ्यात सगळे आले होते. पुढच्या वर्षी तिघांना हजारो युरोंचा दंड झाला. वकीलसाहेबांनी पुराव्याचे म्हटले म्हणून हे लिहिले. आता आपल्याकडेही चौकाचौकांत कॅमेरे आहेत.

परभणी, मानसशास्त्र

१९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग केला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचे आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवले. आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका संपण्यापूर्वी धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी केवळ ३१ टक्के. ही सारी माणसे दुष्ट नव्हती. प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणीतरी बघेल.

आमच्या गावी उन्हाळ्यात विहिरीत मुलगा पडला तेव्हा काठावर तीस-चाळीस माणसे होती आणि सगळी ओरडत होती. शेजारच्या आजीने बोट दाखवून एकेकाला काम लावले : "निळ्या सदऱ्याच्या, तू बाज आण. तू दोर आण. तू फोन लाव." बाज दोराने खाली सोडली आणि मुलगा तिला धरून वर आला. सक्ती सगळ्यांवर टाकली की ती पुन्हा कोणावरच राहत नाही, असे मला म्हणूनच वाटते.

औसा

किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. मी तेरा वर्षांचा होतो. विसर्जन आटोपून गाव झोपले होते. माळवदाची घरे, दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, त्या सगळ्या माणसांवर आल्या. लष्कर येण्याआधी शेजारच्या गावांतली माणसे टिकाव-फावडी घेऊन आली. मला ज्याने ओढून काढले त्याचा चेहरा धुळीने माखलेला होता आणि तो पुढच्या घराकडे गेला. त्याला कोणत्या कायद्याने पाठवले होते? पण दुपारनंतर नुसते बघायला आलेल्यांच्या जीपगाड्यांनी रस्ता अडला आणि जखमींच्या गाड्या थांबून राहिल्या, हेही मी पाहिले आहे. मदत करण्याची सक्ती नसो, मदतीची वाट अडवणाऱ्यास मात्र शिक्षा असावी.

सीनाकाठ, परंडा

वकीलसाहेबांचे नदीचे उदाहरण वाचून अंगावर काटा आला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या फरशी पुलावरून पाणी चालले होते. रात्री दिवे नव्हते. गावातले एक आबा, वय सत्तरीच्या पुढे, बॅटरी घेऊन आमच्या बाजूला उभे राहिले आणि येणारी प्रत्येक मोटारसायकल परत फिरवत राहिले. त्यांना कोणी नेमलेले नव्हते. दोन पोरे त्यांना शिव्या देऊन पुढे गेली, पुलाच्या तोंडाशी पाण्याचा आवाज ऐकून थांबली आणि माघारी आली. पहाटे मी चहा घेऊन गेलो तेव्हा बॅटरीचा उजेड पिवळा पडला होता आणि आबा ती तळहातावर आपटून आपटून पेटवत होते. पलीकडच्या काठावर मात्र कोणीही उभे नव्हते.

बालाघाटचा मास्तर

कोयत्याच्या लेकी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वळणावर गेलो होतो. मोपेड नव्हती, मातीवर तेलाचा डाग होता. समोरच्या टपरीवाल्याने सांगितले की पहाटे पाचच्या सुमारास दुधाच्या गाडीवाल्याने त्या माणसाला उचलून नेले. साडेअकरा ते पाच. कोणत्या दवाखान्यात नेले, तेव्हा त्याची शुद्ध होती का, हे मी विचारले नाही. टपरीवाल्याने मला विचारले, "ओळखीचे होते का, गुरुजी?" मी नाही म्हणालो आणि चहाचे पैसे दिले.