माळ्याची राहती खोली : परवानगी, उंची आणि मधले दांडे

प्रश्न
आमच्या घराला उतरते कौलारू छप्पर असून त्याखालचा माळा आजवर केवळ अडगळीसाठी वापरला गेला आहे. मुलांच्या अभ्यासासाठी आणि झोपण्यासाठी तेथे खोली करावी असा विचार आहे. छपराचा बाहेरचा आकार बदलणार नसू, तरीही परवानगी लागेल का? माळ्यावर मधोमध आलेले तिरपे लाकडी दांडे काढता येतील का, आणि उंची पुरेशी आहे हे कसे ठरवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
दांड्यांना तूर्त हात लावू नये, ही कळकळीची विनंती. ते बहुधा कैचीचे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटीचे, भाग असावेत. छपराच्या वजनाने वाशांची खालची टोके बाहेर सरकू पाहतात. कैचीची आडवी तुळई ती टोके ओढून धरते आणि तिरपे दांडे वाशांना मध्ये वाकू देत नाहीत. एखादा दांडा कापला म्हणून छप्पर लगेच कोसळेलच असे नाही, पण आढे, म्हणजे छपराच्या माथ्याची आडवी तुळई, खचू लागते, कौलांची ओळ मधोमध झोल खाते आणि भिंतीचा माथा बाहेर कलू लागतो. नव्या तुळया भिंतींवर टेकवून भार आधी त्यांच्यावर घेतला, तर जागा मोकळी करता येते. मात्र ते गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करावयाचे असते. माळ्याच्या तळाचेही तसेच आहे. तो बहुतेक वेळा खालच्या खोलीचे छत पेलण्यापुरताच असतो, तर राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण 150 ते 200 किलो भार धरतात.

उंचीबाबत छपराचा उतार निर्णायक ठरतो. घराची रुंदी 8 मीटर, आढे मधोमध आणि उतार 30 अंशांचा असेल, तर आढ्याखाली सुमारे 2.3 मीटर उंची मिळते. नवा तळ आणि उष्णतारोधक थर यांत 30 सेंटिमीटर गेले की जेमतेम 2 मीटर उरते, म्हणजे सरळ उभे राहता येईल ते फक्त ऐन आढ्याखाली. त्याच घराचा उतार 40 अंशांचा असता, तर इतके वजा करूनही 2 मीटर उंचीचा सुमारे अडीच मीटर रुंद पट्टा मिळाला असता. तेव्हा आधी मोजमाप घ्यावे, आराखड्याचा विचार त्यानंतर करावा.

उत्तर २
परवानगीसंबंधी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिला बाह्य स्वरूपाचा : छपराची उंची वाढणे, उभी खिडकी बाहेर काढणे, शेजाऱ्यांच्या खासगीपणाला बाधा येणे. आपण बाहेरून काहीच बदलणार नसाल, तर या बाबतीत अनेक ठिकाणी सवलत असते. वारसा परिसरात मात्र ती गृहीत धरू नये. दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो सहसा टळत नाही, कारण अडगळीची जागा राहती झाली की बांधकामाची मजबुती, जिना आणि आगीपासून संरक्षण या सर्वांची तपासणी लागू होते. ही जागा चटईक्षेत्रात, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्रात, धरली जाईल का, हेही विचारून घ्यावे. भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असल्यास तीत तुळई बसवण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला जरूर घ्यावा. घर विकताना किंवा विम्याचा दावा करताना तोच मागितला जातो.

उत्तर ३
जिन्याचा उल्लेख वर एका शब्दात उरकला आहे. प्रत्यक्षात बहुतेक आराखडे तेथेच अडतात. दोन मजल्यांच्या जमिनींत 3 मीटर अंतर असेल, तर सुमारे 18 सेंटिमीटर उंचीच्या 17 चढांसाठी, 25 सेंटिमीटरच्या पायऱ्या धरल्या तर, सरळ जिन्याला 4 मीटर लांबी लागते आणि ती खालच्या मजल्यातून द्यावी लागते. जिना वर आढ्याच्या जवळ निघाला पाहिजे, अन्यथा शेवटच्या पायऱ्यांवर डोके वाशांना लागते. धूर वर चढतो आणि उतरण्याची वाट एकच असते. म्हणून मुले तेथे झोपणार असतील, तर जिन्याकडे उघडणारे दरवाजे निदान अर्धा तास आग थोपवणारे असावेत, आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांना जोडलेले धूरसूचक बसवावेत, म्हणजे खाली धूर झाला तरी वरचा सूचक वाजेल.

वाशांमध्ये उष्णतारोधक थर भरताना तो कौलांच्या बाजूला ठासून भरू नये. सुमारे 5 सेंटिमीटर पोकळी ठेवून हवा वळचणीपासून आढ्यापर्यंत वाहती ठेवावी. नाहीतर आतला दमटपणा लाकडावर साचून वासे कुजतात आणि अस्तर लागल्यावर ते दिसतही नाही.