जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल केल्यात का कोणी? अनुभव लिहा

राजवाडा_रिटर्न
परवा अनंत चतुर्दशीला भाच्याला आमच्या इंदुरातल्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, दाखवायला घेऊन गेलो होतो. हुकुमचंद मिलची झाकी आली तर तो विचारतो, मामा ही मिल आहे कुठे? आता काय सांगू, मिल ९१ ला बंद पडली, कामगारांच्या हातात पैसे पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, झाकी मात्र निघतेच आहे. तेव्हा डोक्यात आलं की जेलरोडवर आत्याच्या गॅलरीतून नानांनी एका वर्षी झाक्या शूट केल्या होत्या, मिल चालू असतानाच्या. काका मस्कतहून आले होते आणि त्यांचा तो खांद्यावर ठेवायचा कॅमेरा घरातल्या प्रत्येकाने हाताळून घेतला होता. कॅसेटींची पेटी माळ्यावर होतीच, व्हीसीआर मात्र चुलतभावाच्या सासरी निघाला, देवघराखालच्या कपाटात, वर मिक्सरचा खोका.

कॅसेट लागली. चित्र म्हणाल तर अंधार, बल्बांच्या माळा आणि मधूनच मान हलवणारा एक हनुमान. पण आवाज! बँड, आखाड्याची पोरं, आत्या ओरडतेय की कठड्याला रेलू नका रे, आणि ह्या सगळ्याच्या वरताण नाना, कारण माइक त्यांच्या तोंडापाशी. "हे चालू आहे ना रे? लाल दिवा लागलाय का बघ." अख्ख्या कॅसेटमध्ये नाना एकदाही दिसत नाहीत आणि सगळ्यात जास्त तेच आहेत.

ह्याच्या उलट ताईच्या लग्नाची कॅसेट. व्हिडिओवाल्याने पूर्ण तीन तास सिनेमाची गाणी भरून ठेवलीत. मंगलाष्टकं चालू आहेत, भटजींचं तोंड हलतंय आणि ऐकू येतंय भलतंच. माई कोणाशी तरी खूप वेळ हसत बोलतेय, काय बोलतेय देव जाणे. माझं तर मत झालंय की घरच्यांनी केलेलं वेडंवाकडं शूटिंग आधी डिजिटल करावं, लग्न नंतर. लग्नाचे अल्बम तरी असतात.

तुमच्याकडे काय काय निघालं, मशीन कुठून आणलं, कोणाकडून करून घेतलं, सगळं लिहा. फापटपसारा चालेल.

भिया_पोहेवाले
आमच्याकडे गुलाबाच्या फुलातून बाबा बाहेर येतात. मग बदामाच्या आकारात आई. मग दोघं गोल गोल फिरत ताजमहालासमोर जातात. ते आजतागायत आग्र्याला गेलेले नाहीत 😂

तोपखाना_वहिनी
भिया, आमच्या कॅसेटमध्ये स्वित्झर्लंड आहे. लग्न नृसिंह बाजारातल्या धर्मशाळेत.

लष्करवाली
आमच्याकडे पांढरी पावडर. आजोबा ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालयात शिकवायचे, घरी दर गुरुवारी बसायचे लोक, त्यातली एक बैठक आतेभावाने व्हिडिओवर घेतलेली, एवढीच आहे, बाकी काही नाही. लोखंडी पेटीत होती आणि पेटी जिन्याखाली, जिथे पावसाळ्यात भिंत ओली होते. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेवर बुरशी. इथल्या एका दुकानात नेली, तो म्हणाला काही होत नाही ताई, चालवून बघू. मी हातातून काढून घेतली अक्षरशः. आता ती माझ्याकडे कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि पुढे काय करायचं कळत नाहीये. पोळ्या टाकायच्यात, नंतर वाचते, पण कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

हेडसाफ_काका
लष्करवाली ताई, काढून घेतलीत हे फार बरं केलंत. बुरशीची कॅसेट मशीनमध्ये घातली की बुरशी हेडला (टेप वाचतो तो भाग) आणि रोलरला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही चिकटते. आधी नुसती कोरड्या जागी ठेवून बुरशी वाळू द्या. मग मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, टेप हळूहळू मऊ कापडावरून फिरवत एका रिळावरून दुसऱ्यावर न्यायची. हे ज्याला येतं त्यानेच करावं, आणि ह्या कामाचं मशीन वेगळं ठेवावं.

मी इंदुरात बरीच वर्षं व्हीसीआर दुरुस्त केले, एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले तेव्हापासून. लग्नसराईत लोक व्हीसीआर, टीव्ही आणि तीन सिनेमे रात्रीच्या भाड्याने न्यायचे आणि सकाळी मशीन माझ्याकडे. चित्रात मुंग्या आल्या की घरोघरी एकच इलाज, करकरीत नोट घेऊन हेडवर घासायची. नका करू. कानात घालायच्या कापसाच्या काड्याही नकोत, त्यांचे धागे अडकतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेलं शॅमॉय चामडं हेडच्या ड्रमला टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. चामडं वरखाली केलंत तर हेड तुटलंच समजा.

राजवाडा, तुमच्या ताईच्या लग्नाचं. त्या काळी व्हिडिओवाले मूळ कॅसेटवरून दुसरीवर उतरवताना गाणी भरायचे, त्यात मूळ आवाज जातोच. पण ज्यांनी घरच्या हाय-फाय व्हीसीआरवर ऑडिओ डब करून गाणी घातली असतील त्यांना अजून आशा आहे. व्हीएचएसमध्ये साधा आवाज टेपच्या कडेला एका पट्टीत असतो आणि हाय-फाय आवाज चित्राच्याच खाली, खोल. डब केलं की कडेचाच बदलतो. हाय-फाय मशीनवर आवाजाचं बटण नॉर्मलवरून हाय-फायवर करून बघा, मूळ बोलणं कधीकधी तसंच्या तसं निघतं. साध्या कॅमेऱ्यावर घेतलेलं असेल तर नाही.

राजवाडा_रिटर्न
काका, हे माहीतच नव्हतं! ताईची तर उतरवलेलीच असणार, पण धाकट्या काकांच्या घरी एक साठीशांतीची आहे, ती बघतो. अजून एक विचारायचं होतं. एका दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणली तर सगळे नातेवाईक बुटके आणि जाडे झालेत. मुंजीचा बटू तर ढोल वाटतो.

तोपखाना_वहिनी
नवऱ्याला दाखवते. तो म्हणेल बघ, माझं वजन नाही वाढलं, व्हिडिओ ताणलाय.

हेडसाफ_काका
त्यांनी जुन्या टीव्हीचं चार-तीन प्रमाणातलं चित्र ताणून आताच्या रुंद टीव्हीचं सोळा-नऊ केलंय. परत करायला लावा. दोन्ही बाजूला काळी पट्टी राहिली पाहिजे. आपल्याकडचं पाल (PAL, आपली टीव्हीची पद्धत) चित्र ७२० बाय ५७६ मध्ये घ्यायचं आणि सेकंदाला २५ फ्रेम. दुकानदार म्हणेल फोर-के करून देतो. कॅसेटमध्ये नाही ते कुठून आणणार तो?

विहीर_आणि_वडा
आमच्या दादाच्या मुंजीवर काकाने १९९६ ची बंगलोरची क्वार्टर फायनल टेप केली!!! कॅसेटची प्लास्टिकची टॅब आजोबांनी मुद्दाम तोडून ठेवली होती म्हणजे कोणी वर रेकॉर्ड करणार नाही, ह्याने त्यावर सेलोटेप चिकटवली आणि केलं. आता ती कॅसेट अशी आहे की जडेजा वकारला धुतो, प्रसाद सोहेलचा त्रिफळा उडवतो, पब्लिक वेडं झालंय, आणि एकदम खरखर होऊन आजी चांदीच्या वाटीतून भिक्षा वाढतेय. ॐ भवति भिक्षां देहि. पुढच्या पिढीला वाटेल सोहेल आउट झाला म्हणून मुंज लावली.

आजोबा काकाशी बरेच दिवस बोलले नव्हते. डिजिटल करताना दादा म्हणाला मॅच कापू नका, तशीच ठेवा.

भिया_पोहेवाले
दादाला सलाम. ती मॅच मी रामबागेत मित्राच्या घरी बघितली होती, लाइट गेली होती आणि कोणीतरी स्कूटरच्या बॅटरीवर छोटा टीव्ही चालवला, तीस-चाळीस जण गल्लीत. ह्याचा कॅसेटशी काही संबंध नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

बडोद्याची_मंजू
आमचं घर समा रोडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात आली तेव्हा खालचं कपाट गेलं. त्यात उत्तरायणाची कॅसेट होती, दांडिया बाजारच्या जुन्या घराच्या धाब्यावरची, सासरे फिरकी धरून आणि दीर पतंग काढतोय, मागे सगळीकडे नुसता "कायपो छे". पाणी ओसरल्यावर शेजारच्यांनी सगळं उन्हात टाकलं, आम्हीही टाकणार होतो, पण जाऊबाईंचा भाऊ म्युझियममध्ये काम केलेला, त्याने फोनवर ओरडून थांबवलं. म्हणाला उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही, मशीनमध्ये तर अजिबात नाही, चिखल टेपवर वाळू देऊ नका. स्वच्छ पाण्याच्या पिशवीत ठेवून त्याच्याकडे पाठवली. त्याने खोका उघडून डिस्टिल्ड वॉटरने धुतली, सावलीत वाळवली आणि दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घातली. मधला भाग चाललाय. सुरुवात गेली. सासऱ्यांचा फिरकीवाला तुकडा मधल्यात आहे, म्हणून घरात सगळे खूश. फ्रिज गेला त्याचं कोणी नाव काढत नाही.

लष्करवाली
मंजू, वाचून अंगावर काटा आला. त्या भावाचा नंबर मिळेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

बडोद्याची_मंजू
करा ना. तो बोलतो फार, वेळ काढून फोन करा 😄

निवृत्त_ग्रंथपाल
बडोद्याचाच मी पण. मंडळी, ह्यात घाई आहे हे लक्षात घ्या. युनेस्कोने आणि ध्वनिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने २०१९ मध्येच मॅग्नेटिक टेप अलर्ट म्हणून मोहीम काढली होती आणि २०२५ ही सालमर्यादा धरली होती. कारण टेप खराब होतेच, पण त्याआधी ती वाजवणारी मशीनं आणि सुटे भाग संपतात. व्हीएचएस १९७६ मध्ये जपानात आलं आणि २०१६ मध्ये शेवटच्या कंपनीने, फुनाईने, व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणजे आता जो चालू व्हीसीआर दिसेल तो जुनाच. आणि डिजिटल केल्यावर कॅसेट फेकू नका. उभी ठेवा, पुस्तकासारखी, पूर्ण रिवाइंड करून.

अजून एक. फाइल झाली की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून कोण कोण आहे ते लिहून घ्या. आमच्या एका कॅसेटमध्ये पंगतीत वाढणारा एक उंच माणूस सतत दिसतो, आग्रह करकरून जिलबी वाढतोय. कोण आहे ते आता कोणालाच माहीत नाही.

विहीर_आणि_वडा
प्रत्येक लग्नात तो असतो काका. आमच्याकडेही आहे.

सान_होजे_इंदूरकर
मामाने ९३ मध्ये अमेरिकेतून कॅसेट पाठवली होती, आमच्या मशीनवर लावली तर ब्लॅक अँड व्हाइट आणि वरखाली पळणारं चित्र. आजी रोज विचारायची मुलगा दिसला का. ती एनटीएससी होती, म्हणजे अमेरिकेची टीव्हीची पद्धत, आपलं पाल, हे तेव्हा कोणाला ठाऊक. शेवटी मामाच पुढच्या वर्षी आला, कॅसेट राहिलीच. आता मी इथे ती लगेच करून घेतली, मामा त्यात नवीन गाडी दाखवतोय पूर्ण वीस मिनिटं, डिकी उघडून, बॉनेट उघडून. आजीसाठी काय तर "आई ही गाडी."

तोपखाना_वहिनी
@राजवाडा, तुमची आत्या जेलरोडला नक्की कुठे? माझी मावशी तिथेच राहायची, समोरच्या गॅलरीला निळा पत्रा होता आणि झाक्यांच्या रात्री अख्खं खानदान तिथे, मी पण, फ्रॉकमध्ये.

राजवाडा_रिटर्न
वहिनी, निळ्याचं सांगता येत नाही, रात्र आहे, पण समोर पत्र्याची गॅलरी आहे आणि तिच्यात माणसं कोंबलीत. क्लिप व्यनिवर टाकतो. सात-आठ मुली आहेत, तुमच्या तुम्ही ओळखा.

तोपखाना_वहिनी
टाका टाका. मावशीला फोन लावते आत्ताच.

डीव्ही_वाला_दिपू
छोट्या कॅसेटींचं कोणी बोललं नाही म्हणून. मिनी डीव्ही असेल तर ती मुळात डिजिटलच आहे, पिवळी-पांढरी-लाल वायर लावून परत अॅनालॉग करू नका. कॅमेऱ्याला फायरवायरचं छोटं भोक असतं, सोनी त्याला आयलिंक म्हणते, त्यातून जशीच्या तशी फाइल उतरते, तासाला साधारण १३ जीबी. नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं, जुना डेस्कटॉप आणि कार्ड लागेल. हाय-एट (छोटीच, पण अॅनालॉग कॅसेट) असेल तर डिजिटल-एटचा कॅमेरा शोधा, बरेचसे मॉडेल जुनी हाय-एट वाजवतात आणि फायरवायरने देतात.

व्हीएचएसला मी आधी स्वस्तातली यूएसबी कॅप्चर वायर घेतली, अर्ध्या तासाने ओठ पुढे आणि आवाज मागे. मग व्हीसीआर आणि कॅप्चरच्या मध्ये पॅनासोनिकचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडला, रेकॉर्ड नाही करायचं, सिग्नल आरपार, त्याने थरथर बरीच थांबली. काका बरोबर ना?

हेडसाफ_काका
बरोबर. त्याचं काम टाइमिंग सावरणं. सगळे मॉडेल नाही करत, पण चांगला मिळाला तुला.

भिया_पोहेवाले
मी २००७ लाच सगळं डीव्हीडीवर करून घेतलं होतं, आता त्यातल्या निम्म्या डीव्हीडी लागत नाहीत. कॅसेट लागते!

निवृत्त_ग्रंथपाल
घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगाचा थर असतो, तो उतरतो. हार्ड डिस्कवर घ्या, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी कोणाकडे तरी.

भिया_पोहेवाले
दुसऱ्या गावी म्हणजे सासरी. मग बाबांचा गुलाब सासरेबुवा बघणार.

डीव्ही_वाला_दिपू
काका, एक अडलंय. व्हीसीआरचा बेल्ट बदलला, महाराणी रोडला मापाचा मिळाला, तरी कॅसेट अर्धी आत जाते आणि बाहेर फेकतो.

हेडसाफ_काका
खालच्या बाजूला मोड स्विच असतो, गोल, चपटा. त्याचे पॉइंट काळे पडले असतील. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून हलवून बघ. काढताना खूण करून ठेव, एक दात जरी सरकला तर टायमिंग जातं.

डीव्ही_वाला_दिपू
काढलाय. खूण केलीये मार्करने. रात्री सांगतो.