मदत हवी आहे: पोस्ट-पंक ईपीवरच्या श्रवणबैठकीसाठी

मंडळी, सोलापुरात एक छोटी श्रवणबैठक ठरतेय. विषय आहे पोस्ट-पंक (पंक रॉकच्या पाठोपाठ सत्तरीच्या दशकाअखेर आलेलं संगीत) बँडच्या ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा लहान, चार-पाच गाण्यांच्या तबकड्या, आणि त्यांची समीक्षा. मुख्य उदाहरण जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडची 'अ‍ॅन आयडियल फॉर लिव्हिंग'. जून १९७८ मध्ये तिची चार गाणी सात इंची तबकडीवर दाटीवाटीने बसवली होती. बाजू लांबली की खाचा जवळ आणाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि पहिला फटका बासला, म्हणजे खालच्या स्वरांना बसतो. या संगीतात चाल बऱ्याचदा बास गिटारच ओढते, त्यामुळे ही तक्रार किरकोळ नाही. त्याच वर्षी ती बारा इंचीवर पुन्हा निघाली. शिवाय मुखपृष्ठावर हिटलर युथचा (नाझींच्या युवक संघटनेचा) ढोलकी वाजवणारा पोरगा, त्यावरून वाद पेटला तो वेगळाच.

अडचण अशी: सुरुवातीच्या प्रतिक्रियांतला गाण्यांवरचा, तबकडीच्या दबलेल्या आवाजावरचा आणि मुखपृष्ठावरचा राग वेगवेगळा कसा दाखवायचा? आधी गाणी ऐकवून मग चित्र दाखवावं असं वाटतं. नव्या ईपीची परीक्षणं वाचतानाही हाच प्रश्न येतो.

दोन्ही आवृत्त्यांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवणार, नाहीतर मोठा आवाज उगाच चांगला वाटतो. हॉलला शहाबादी फरशी आहे. भिंतींवर सोलापुरी चादरी दुहेरी घडी करून, थोडं अंतर सोडून टांगल्या तर टाळीचा खणखणाट कमी होईल, पण कोपऱ्यात साचणारा बास तसाच राहणार. स्पीकर भिंतीपासून किती पुढे घ्यावेत? आणि त्या काळच्या इंग्लिश साप्ताहिकांतली मूळ परीक्षणं कुणाकडे असतील तर कृपया कळवा.